झोप न आणणारी गोळी

आमच्या मामाजींच्या गोळीनं पोट थांबतं, याबद्दल रिठदमध्ये कुणालाच शंका नव्हती. तक्रार एवढीच होती, की पोटाबरोबर माणूसही थांबतो.

मामाजी म्हणजे माझे सासरे. गावचे वैद्य. मी लग्न होऊन रिसोडहून रिठदला आले तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो, आणि हगवणीवर सरकारी दवाखान्यात जाणारा माणूस गावात विरळा होता. पोट बिघडलं की लोक आमच्या ओट्यावर येत. मामाजी नाडी बघत, जीभ बघत, आणि काळी, मिऱ्याएवढी गोळी हातावर ठेवत. तीत जायफळ होतं, सुंठ होती, आणि मुख्य म्हणजे अफू होती. गोळी पोटात गेली की दोन घटकांत ढाळ बंद. मग माणूस पेंगायला लागे, आणि नंतर बरेच दिवस गोदरीच्या, म्हणजे हागणदारीच्या, वाटेकडं नुसता आशेनं बघत बसे.

हे सगळं लोकांनी गृहीतच धरलं होतं. पाऊस आला की चिखल होणारच, तसं. पाटलांचा दावा उभा राहिला नसता तर कदाचित पुढेही तसंच चाललं असतं.

पाटलांचा बांधावरून दावा होता, वाशीमच्या कोर्टात. दिवाळीनंतरची तारीख. आदल्या दिवशी ते कुणाच्या तरी मळ्यात रोडगे खायला गेले, आणि तारखेच्या सकाळीच पोटानं दगा दिला. मामाजींनी एक गोळी दिली. पाटलांनी आणखी एक मागून घेतली. एक गोळी साध्या माणसाला, पाटलाला दोन, असा त्यांचा हिशेब. दोन्ही गिळून ते छकड्यात बसले आणि वाशीमला वेळेवर पोचलेही.

पुढचं आम्हाला त्यांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, आमच्या ओट्यावर उभं राहून, अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"पट्टेवाल्यानं माह्या नावाचा पुकारा केला. एकडाव केला, दोनडाव केला. अन् मी कुठी? मी तिथीसाच, बाकड्यावर! घोरून राह्यलो! वकिलानं हालवलं तं त्याले म्हनतो, आत्या, आजून जरासं निजू दे!"

ओट्याखाली जमलेल्यांपैकी कुणीतरी फुसकन हसलं. पाटलांनी तिकडं बघितलं, तसा तो माणूस खोकायला लागला.

"हसू नका बे! दावा गेला माहा! हजर असून गैरहजर लिवलं मले! वैद्यबुवा, तुमची गोळी पोट बंद करते, कबूल. पन मानूस काहून बंद करते? अन् आता पोटबी उघडाले तयार नाई, ते येगळंच!"

पाटील पाय आपटत गेले, मामाजी आत आले, ताटावर बसले आणि भाकरी मोडून तशीच ठेवून उठले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "अजी, पाटलाचं काय मनावर घेता? त्यानं दोन खाल्ल्या."

"दोन खाल्ल्या म्हनून निजला," मामाजी म्हणाले, "पन एक खाल्ली असती तरी पेंगलाच असता. खोटं नाई बोलला तो."

त्या दुपारी मी जायफळ कुटत होते. आमची लेक तेव्हा रांगत होती, ती बत्त्याचा आवाज ऐकून खलापाशी येऊन बसायची. मामाजी तिच्याकडं बघून मला म्हणाले, "पोरी, ही गोळी मी बारक्या लेकराले कधीच देल्ली नाई. लेकरू निजलं अन् उठलंच नाई तं? मायबाई लेकरू घेऊन येते, मी तिले डाळिंबाच्या सालीचं पानी देतो अन् वापस पाठवतो. तिले वाटते, वैद्यानं काई देल्लं नाई. खरंच नाई देल्लं."

मग म्हणाले, "अफूबिगर गोळी करून पाहू."

असा आमच्या घरात नव्या औषधाचा शोध सुरू झाला. पुस्तकात त्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्याकडं त्याचा अर्थ असा होता, की मी कुटायचं, चाळायचं, गोळ्या वळायच्या, आणि मामाजींनी त्या खाऊन बघायच्या. दुसऱ्याच्या पोटात जाण्याआधी औषध आपल्या पोटात गेलं पाहिजे, हा त्यांचा नियम.

पहिली गोळी कुड्याच्या सालीची. हगवणीवर कुडा हे जुनंच औषध, सगळे वैद्य सांगतात. गोळ्या वळून वाळल्या, बरणीत भरल्या, आणि मग एक अडचण लक्षात आली. मामाजींना हगवण नव्हती.

त्यांचं पोट म्हणजे दगडी जातं होतं. आयुष्यात ते कधी बिघडलं नव्हतं, आणि आता बिघडवायला गेलं तरी बिघडेना. त्यांनी शिळं वरण खाल्लं. एरंडेल प्यायलं. एरंडेल पिऊन ते टमरेल भरून शेजारी ठेवून ओट्यावर बसले, पाहुण्याची वाट बघावी तसे. संध्याकाळ झाली, पाहुणा आला नाही. आत्याबाई म्हणाल्या, "जगात असा पह्यला वैद्य पाह्यला, जो बिमार होत नाई म्हनून रुसून बसला."

शेवटी ते एका ओळखीच्याच्या वावरात गेले, ओल्या भुईमुगाच्या शेंगा पोटभर खाल्ल्या आणि वर आंबट ताक प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी परसातून त्यांची हाक आली, विहिरीला पाणी लागल्यावर खोदणारा ओरडतो तशी.

"सूनबाई! लागली! आन गोळी!"

मी धावत गोळी नेली. त्यांनी ती तोंडात टाकली आणि त्यांचा चेहरा असा झाला, की मी दोन पावलं मागं सरले. कुड्याची साल किती कडू असते ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. गोळी गेली त्याच वाटेनं परत आली, आणि तिच्यासोबत कालच्या शेंगाही आल्या.

"आधी खालून होतं," आत्याबाई म्हणाल्या, "आता दोन्हीकून सुरू झालं. लय मोठा शोध लागला."

दुसऱ्या गोळीत कुडा कमी केला आणि डाळिंबाची साल वाढवली. ती कडू लागली नाही आणि पोटात टिकलीही. ढाळ थांबले, झोपही आली नाही. मामाजी खूश झाले. पण त्यानंतर पोट जे मिटलं ते मिटलंच. मामाजी घरात चिडचिड करत फिरायला लागले. पाणी गरम का, दार उघडं का, कावळा ओरडतो काहून. आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शाळेत निघताना टोपी वाकडी घातली म्हणून बोलणी बसली. हे गावातच मास्तर होते, टोपी कायम तशीच घालायचे.

आत्याबाईंनी मला हळूच सांगितलं, "या गोळीनं खालचं तोंड बंद होते अन् वरचं उघडते. हे औषध गावात देऊ नको, भांडनं होतील."

तिसऱ्या गोळीला मामाजींनी वेळ घेतला. कोवळ्या बेलफळाचा गर वाळवून घेतला, नागरमोथा, सुंठ, थोडा कुडा, अगदी थोडी डाळिंबाची साल, आणि कडूपणा झाकायला जुना गूळ. ही गोळी तपकिरी होती, चवीला वाईट नव्हती. एकदा तर लेकीनं सुपातली एक उचलून चाटली आणि दुसरीला हात घातला, तेव्हा मी सूप उंचावर ठेवलं.

आता पुन्हा पोट बिघडलेला माणूस हवा होता, आणि मामाजींना शेंगांचं नाव काढलं तरी शिसारी येत होती. तेव्हा ते गावात माणूस शोधायला लागले.

ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "काय बापा, पोट कसं हाये?" एवढ्या मायेनं विचारलेलं ऐकून आधी लोकांना बरं वाटलं. पण कुड्याच्या आणि डाळिंबाच्या गोष्टी आत्याबाईंनी विहिरीवर सांगितल्याच होत्या. हां हां म्हणता सगळं गाव तंदुरुस्त झालं. कुणालाही विचारा, "लोखंडावानी हाये, वैद्यबुवा!" गोदरीला जायची वाट आमच्या घरावरून होती, ती ओस पडली. माणसं मागल्या बोळातून, टमरेल धोतराच्या सोग्यात लपवून जायला लागली. एक म्हातारा बिचारा घाईत होता म्हणून आमच्याच घरावरून निघाला, तर मामाजी ओट्यावरून उठून त्याच्या मागं. "थांब, थांब, कितीकडाव झालं सांगून जाय!" म्हातारा तरण्या पोरासारखा पळाला.

आणि घरातच एक रोगी लपून बसला होता. थंडीत ह्यांनी शाळेतल्या दुसऱ्या मास्तरांबरोबर हुरडा खाल्ला, भरपूर खाल्ला, आणि पोट बिघडलं. मला सांगितलं, बापाला सांगितलं नाही. "तुझ्या तोंडून एक शब्द निघू देऊ नको," मला म्हणाले. सकाळपासून हे काहीतरी निमित्त काढून बाहेर जात होते. गाय बघून येतो, फाटक बघून येतो. गाय गोठ्यात होती आणि आमच्या आवाराला फाटकच नव्हतं.

मामाजींनी बोलावलं. "मास्तर, इकडे या. पोट दुखते?"

"नाही."

"मंग तोंड काहून उतरलं?"

"शाळा तपासणी आहे."

"तपासनी हाये तं बसा इथीसा. आपन दोघं सुपारी खाऊ."

हे बसले. थोडा वेळ बसले. मग कपाळावर घाम आला, आणि उठून धावले. मामाजींनी समाधानानं सुपारी कातरली आणि मला म्हणाले, "तपकिरी बरनी आन."

ती गोळी लागू पडली. दुपारपर्यंत ढाळ थांबले, उलटी नाही, आणि हे शाळेत उभं राहून शिकवत होते हे मामाजींनी खिडकीतून स्वतः जाऊन बघितलं. वर्गातल्या पोरांनाही विचारलं, "मास्तर पेंगून तं नाई राह्यले?" पुढच्या दोन दिवसांत हे सकाळी परसाकडून परत आले की मामाजी दारातच उभे असायचे. तिसऱ्या दिवशी ह्यांनी लांबूनच हात वर करून सांगितलं, "झालं, बाबा. नीट झालं."

पण मामाजींचं समाधान होईना. "घरच्या पोटाची गवाही कोनी मानत नाई," म्हणायचे. "परके पाह्यजेत. अन् पुष्कळ पाह्यजेत."

ते उन्हाळ्यात मिळाले, एका मांडवाखाली.

पाटलांच्या मुलीचं लग्न होतं, वरात जऊळक्याहून आली होती. आंब्याचे दिवस. पाटलांनी पाहुण्यांना रस वाढला, आणि नको म्हणणाऱ्याच्या ताटात जास्त वाढला. वरपक्षात नवरदेवाचा मामा होता, जाडजूड, गळाबंद कोट घातलेला. तो मांडवात पाय ठेवल्यापासून रुसलेला होता. बसायला दिलेली सतरंजी विटकी होती, पान लावणाऱ्याने चुना जास्त लावला, आणि आहेराचा फेटा त्याच्या डोक्याला लहान होता. पाटील त्याच्यापुढं हात जोडून हैराण झाले होते. रुसूनही मामानं रस मात्र कुणापेक्षा कमी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरातीचा जानवसा रिकामा. पाहुणे सगळे वावरात. नवरी पाठवायची वेळ झाली, बैल जुंपून गाड्या उभ्या, आणि गाडीत बसायला कुणी नाही. बसलेला माणूस पुन्हा उतरायचा.

पाटील आमच्या ओट्यावर आले. कोर्टाच्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच.

"वैद्यबुवा, इज्जत जाऊन राह्यली. काईतरी द्या. पन ते झोपीची नोका देऊ! नवरी सासरी पाठवाची हाये. नवरदेव निजला तं लोक काय म्हनतीन?"

मामाजींनी तपकिरी बरणी काखेत मारली आणि निघाले. मागोमाग आत्याबाई आणि मी निघालो, हातात भाताच्या पेजेचं पातेलं. पेज आत्याबाईंची. मामाजींच्या कुठल्याही गोळीवर त्या मीठ घातलेली पातळ पेज पाजल्याशिवाय राहत नसत. "गोळी थांबवते," त्या म्हणायच्या, "पन गेलेलं पानी कोन भरन?"

पाहुण्यांची रांग लागली. मामाजी एकेकाला गोळी देत होते, आणि पाटलांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगत होते, "अफू नाई, झोप नाई, डोकं जड नाई!" त्यांचा तो थाट मी कधी बघितला नव्हता. पण रांग लांब आणि बरणी लहान. तळ दिसायला लागल्यावर मामाजी मला म्हणाले, घरून दुसरी बरणी आण. आत्याबाई म्हणाल्या, "सून लेकरू कडेवर घेऊन कुठी धावते, मी जातो," आणि त्या गेल्या, पदरात गोळ्या घेऊन आल्या आणि वरच्या वर त्या बरणीत ओतून गेल्या. मामाजी तोवर कुणाची तरी जीभ बघत होते. नंतर बरणीत हात घालून ते वाटत राहिले, रांगेकडं बघत, बरणीत न बघता.

थोड्या वेळानं ढाळ थांबले. पाहुणे एकेक करून सावलीत येऊन बसले. पाटलांच्या चेहऱ्यावर रंग आला. आणि मग नवरदेवानं पहिली जांभई दिली.

मामाजींचं लक्ष गेलं. ते म्हणाले, "जागरन झालं असन."

मग नवरदेवाच्या करवलीला जांभई आली. मग वाजंत्र्याला. रुसलेला मामा पेजेच्या पातळपणाबद्दल काहीतरी बोलत होता, तो वाक्य अर्धं टाकून खांबाला टेकला आणि घोरायला लागला. मांडवात अर्धी माणसं जागी, ताजीतवानी, निघायची गडबड करत होती. अर्धी आडवी झाली होती.

मामाजींनी बरणी उलटी करून हातावर ओतली. काही गोळ्या तपकिरी, काही काळ्या.

"हे काय हाये?" त्यांनी आत्याबाईंना विचारलं.

"गोळ्या हायेत."

"काळ्या कोनी टाकल्या?"

"मी टाकल्या," आत्याबाई म्हणाल्या. "नव्या सरल्या होत्या. मंग काय, पाव्हन्याइले वावरातच बसू द्याचं होतं? पोट थांबाशी मतलब."

मामाजी लाल झाले. मी लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि नजर जमिनीकडं लावली. आता काहीतरी फुटणार असं वाटलं. पण मामाजी मांडवात नजर फिरवत राहिले, आडव्या माणसांवर, जाग्या माणसांवर, आणि त्यांचा राग बघता बघता उतरला.

"पोरी," मला हळूच म्हणाले, "पाह्य. एकच रस खाल्ला सर्वाइनं. एकच पेज पेली. निजले ते काळीवाले, जागे ते तपकिरीवाले. आता कोन म्हनन का नव्या गोळीत फरक नाई?"

आणि ते खरोखरच माणसामाणसापाशी जाऊन जाग्यांना विचारायला लागले. डोकं जड आहे का, तोंड कोरडं पडलं का, मळमळ होते का. वरबाप जागा होता. तो म्हणाला, "मले तं काईच नाई होऊन राह्यलं बुवा, भूक लागली."

नवरदेवाला चौघांनी उचलून गाडीत ठेवला. बाशिंग उशाला आलं. नवरीनं आईच्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली होती, तेवढ्यात गाडीतून मोठं घोरणं ऐकू आलं. तिनं मान वळवून बघितलं. तोंड उघडं, मुंडावळ्या नाकावर. ती रडता रडता हसली, तिची आई हसली, आणि मग सगळ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. हसत सासरी गेलेली नवरी रिठदनं तेव्हा पहिल्यांदा पाहिली. रुसलेला मामा दुसऱ्या गाडीत, कडब्यावर, फेट्यासकट. त्याचा निरोपाचा मानपान बाकी राहिला होता, तो मागायला तो जागाच नव्हता.

गाड्या वळणाआड गेल्या तसे पाटील मामाजींपाशी आले. मला वाटलं पुन्हा भांडण. पाटलांनी मामाजींचे दोन्ही हात धरले.

"वैद्यबुवा, काय डोकं लावलं तुमी! कामाच्या मान्साले जागी ठेवाची गोळी अन् तरास देनाऱ्या मान्साले निजवाची! ते काळी बंद नोका करू. माह्या लहान्या पोरीचं लगन पुढच्या साली हाये."

मामाजींना याचा फार राग आला. दिवाळीपासून झोप काढून टाकायला झटलेला माणूस, आणि लोक झोपच मागायला लागले. नंतर बरेच दिवस कुणीकुणी येऊन हळूच काळी गोळी मागायचं. पोट कुणाचंच बिघडलेलं नसायचं. घरी व्याही आले आहेत, एवढंच सांगायचे. मामाजींनी उरलेल्या काळ्या गोळ्या उकिरड्यात खोल पुरल्या आणि पुन्हा वळल्या नाहीत.

त्याच पावसाळ्यात आमच्या लेकीला हगवण लागली. ती तेव्हा नुकती चालायला लागली होती. नवं पाणी, माश्या, त्या दिवसांत कितीतरी घरांत तेच चाललं होतं. सकाळी ती खेळत होती, दुपारी माझ्या मांडीवर ओल्या फडक्यासारखी पडली. डोळे आत गेले. मी मामाजींकडं बघितलं.

त्यांनी तपकिरी गोळी घेतली, तिचा चतुर्थांश केला, सहाणेवर उगाळला, वाटीत घेतला, आणि हात तसाच धरून बसले. सगळ्या वरातीला न बघता गोळ्या वाटणारा माणूस, पण तो हात पुढं येईना. आत्याबाईंनी त्यांच्या हातून वाटी घेतली, पेजेत कालवली, आणि चमच्यानं थोडी थोडी लेकीच्या ओठात सोडली. पुन्हा पेज. पुन्हा थोडं औषध. पुन्हा पेज.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढाळ थांबले. लेक पडून होती, डोळे मिटलेले. मामाजी उंबऱ्यावर बसले होते. ते मिटलेले डोळे बघून त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं ते मी अजून विसरले नाही. "निजली का?" त्यांनी विचारलं. गोळीत अफू नव्हती, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी पुन्हा विचारलं, "सूनबाई, उठवून पाह्य. निजली का?"

तेवढ्यात लेकीनं डोळे उघडले, माझ्या हातातला चमचा बघितला आणि भोकाड पसरलं. साधं रडणं नाही. हातपाय झाडत, चमचा फेकत, शेजारची कुत्री भुंकायला लागतील असं. आत्याबाई तिला घेऊन अंगणात फिरवायला लागल्या, तरी थांबेना. हे शाळेतून आले आणि म्हणाले, "कोणीतरी गप्प करा हिला, डोकं उठलं."

"चूप बसा, मास्तर!" मामाजी म्हणाले. "रडू द्या. पाहा कशी खणखणीत रडून राह्यली!"

आणि ते ओट्यावर जाऊन, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून, ते रडणं ऐकवत बसले.